जामाईषष्ठीचं ताट

प्रिय नीलाद्री,

वर्षभर तुझ्याशी फोनवरही धड न बोललेली सासू एकदम पत्र घेऊन बसलीय. रागावलास तर रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

तितिरने सांगितलं, तुझी उपाशीपोटीची साखर एकशे अठरावर आली, इन्सुलिनचा डोसही कमी झाला. ऐकल्याबरोबर मी अंगणात गेले आणि पलीकडच्या बुलूला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हटलं, "एकशे अठरा!" तू दवाखान्यात होतास तेव्हा हीच बाई तळ्याच्या घाटावर सांगत होती, "स्वादुपिंड सुजतं ते दारुड्यांचंच. जात्रेच्या नाटकमंडळीत क्लॅरिनेट वाजवणारा माणूस, पिऊन पिऊन काय पिणार, ताक?" काल तिला घाटावरच गाठलं. म्हटलं, "पित्ताशयातला खडा सरकून नळीत अडकला, म्हणून सूज आली. आयुष्यात थेंब घेतलेला नाही माझ्या जावयाने. कागद दाखवू?" तर म्हणते, "अगं, मी कुठे काय म्हणाले?" म्हटलं, "तू नाही, तुझी जीभ म्हणाली." चार बायका हसल्या. मला फार बरं वाटलं.

पण घरी येईपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं. कारण बुलूच्या आधी ते मीच म्हटलं होतं. वॉर्डच्या दारात, तुझ्या नाकात नळी असताना, मी तितिरला म्हणाले, "बेवड्याच्या गळ्यात पडलीस, आता चल घरी." तुझे डोळे मिटलेले होते, पण तू ऐकलंस. त्या दिवसापासून तू मला मा म्हणून हाक मारलेली नाहीस. तितिर नाही आली घरी, हे तिचं शहाणपण.

आणि गेल्या जामाईषष्ठीला, जावयाला जेवू घालायच्या सणाला, मी वाढलेलं ताट? मैद्याच्या पुऱ्यांसारखी टम्म लुची, तळलेला इलिश मासा, मटण, नारळाच्या दुधातली कोळंबी, वर राजभोग. तिसऱ्या लुचीला तू थांबलास आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून धरलास. मी ते पाहिलं. तरी वाढतच गेले. "जावयाने ताट टाकलं तर षष्ठीदेवी कोपते," म्हणाले. तू हसून राजभोग तोंडात टाकलास, आणि दिवस मावळायच्या आत तुला रिक्षात घालून न्यावं लागलं. डॉक्टर म्हणतात खडा जुनाच होता, ताट फक्त निमित्त. असेल, पण निमित्त माझ्या हातचं होतं आणि शिव्या मी तुला दिल्या. चुकले मी, बाबा. साफ चुकले.

येत्या बुधवारी षष्ठी आहे. माझ्या नणंदा म्हणतात, आजारी जावयाला कशाला बोलावतेस, लोक हसतील. हसू देत, आमच्या या कटवा गावात दुसरा उद्योग काय आहे लोकांना? या वर्षीचं ताट मी ठरवलंय. कच्च्या पपईतला रोहू माशाचा पातळ रस्सा, वाटीभर भात, घरचं दही. तुझं साखर मोजायचं यंत्र ताटाशेजारी राहील आणि आधी माझं बोट टोचायचं, सगळ्यांदेखत. तू ये, एवढ्यासाठी हे पत्र. मात्र माझा हात सवयीचा आहे, भाताचा डाव पुन्हा पुढे येईलच. तेव्हा ताटावर हात आडवा धर आणि म्हण, "नको, मा." नको मोठ्याने म्हण, बुलूच्या घरापर्यंत जाऊ दे. मा हळू म्हणालास तरी मला ऐकू येईल.

तुझीच,
तितिरची आई