यांची आमटी

शुक्रवार, १४ सप्टेंबर २००७. सकाळी.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. कुकरला डाळ लावली होती, एकीकडे यांचे शर्ट इस्त्री करत होते, आणि हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. कॅरॅव्हान क्लबाबरोबर, म्हणजे चाकांवरची घरं घेऊन फिरणाऱ्या मंडळींबरोबर, यांचा जायचा दिवस. मी फोडणी टाकली तर मान पुढे काढून बघतायत. म्हटलं, अहो, वाटेतून सरका. तर विचारतात, आधी मोहरी की आधी हिंग? आयुष्यात पहिल्यांदा. तुम्हाला काय करायचंय, म्हटलं. काही नाही म्हणाले, आणि गेले.

तेव्हा हसले होते. आता हसू येत नाही. पुरुषमाणूस उगाच मोहरीची चौकशी करत नाही.

मार्चमध्ये हे वारले. आणि परवा क्लबातल्या कुणा वाल्बुर्गाचा, जर्मन बाईचा, फोन. खेड्यातल्या स्वयंपाकाचा मेळा आहे, क्लब दरवर्षी जातो, यंदा तू ये, श्रीची जागा रिकामी ठेवली आहे. एवढं बोलून रडली. श्री! छत्तीस वर्षांच्या संसारात मी यांचं नाव एकदा उखाण्यात घेतलं, तेवढंच. ही बाई अर्धं नाव घेऊन रडते.

यांच्याबरोबर मी कधी गेले नाही. चाकांवर मला झोप लागत नाही. शिवाय तेवढे दोन दिवस निवांत वाचायला मिळायचे.

ठरवलं. जायचं. कमी बोलायचं. बघायचं. मी संशयी नाही, फक्त लक्ष ठेवते.

त्याच दिवशी, संध्याकाळी. आल्टम्युल नदीकाठी.

इंगोलश्टाटहून तनयने कॅरॅव्हान ओढत आणली. मुलगा गार्चिंगला मोठा रिसर्च करतो, पण गाडी मागे घेताना घाम फुटला. निघताना म्हणाला, आई, प्लीज, लोकांची उलटतपासणी करू नकोस. मी कशाला करीन?

कॅरॅव्हानचं दार उघडेना. वाल्बुर्गा आली, खाली गुडघ्याने धक्का दिला, उघडलं. हिला कसं ठाऊक? कप कुठल्या कपाटात तेही मला न विचारता. साठीची, भक्कम, हात लालबुंद. नवरा नाही. कशाने गेला ते विचारलं. हार्ट अटॅक म्हणे. असेल.

कपाटात माझी हिंगाची डबी सापडली. दोन वर्षांपूर्वी हरवलेली. या डबीपायी शेजारणीशी अबोला धरला आहे. सोमवारी बोलीन. बघू.

माझी शाळा सातवीपर्यंत. जर्मन शिकले ते लायब्ररीतल्या रहस्यकथा वाचून. विष, वारस, अ‍ॅलिबी हे शब्द चोख येतात. बटाटे सोलायचं सोलाणं मागायला मात्र हातवारे करावे लागले.

झोप छान लागेल.

शनिवार, १५. दुपारी.

लागली नाही.

क्लबाचा नियम असा की मेळ्यातलं क्लबाचं पातेलं पुरुषांनीच रांधायचं. अध्यक्ष आलोइस, मिशीवाला, मला कळवळून सांगत होता. श्रीची डाळ म्हणजे काय सांगू, अख्खं गाव रांगेत उभं राहायचं. आणि बिचारा घरीही रोज स्वयंपाक करायचा, नाही का? तू पुस्तक घेऊन बसलीस की उठवलेलं तुला चालायचं नाही म्हणे.

मी मटकन बसले. खुर्ची फोल्डिंगची होती, तीही बसली.

या माणसाने घरी कधी चहाचं आधण ठेवलं नाही. साखर कुठे असते ते दरवेळी विचारायचे. आणि रोज स्वयंपाक!

या, गेनाऊ, म्हणजे हो, अगदी, एवढंच मी म्हणाले. गेलेल्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? पण ठरवलं, आज पातेलं मी करणार. खरी आमटी काय असते ते कळू दे यांना. आलोइसने नियम काढला. मी म्हटलं, श्रीच्या जागेवर आले आहे ना, मग आज मीच पुरुष. आल्झो गुट, बरं तर, म्हणाला आणि मिशीत हसला.

शनिवार, संध्याकाळी.

आमटी उत्तम झाली. चिंच, गूळ, गोडा मसाला, सगळं बेताचं. लोक आले, एकेक वाटी खाल्ली, इंटरेसांट म्हणाले आणि शेजारी डाम्पफनूडल, वाफवलेले गोड गोळे, मिळत होते तिकडे गेले. अर्धं पातेलं उरलं. लाजरे लोक. एका म्हातारीने तोंडावर विचारलं, श्रीच्यासारखी का नाही झाली? ही खरी आहे, म्हटलं. असेल, म्हणाली.

वाल्बुर्गा पातेलं घासायला आली, तेव्हा गाठलीच तिला. माझ्या नवऱ्याशी तुझा संबंध काय होता, सरळ विचारलं.

तिने घासणी खाली ठेवली. आलोइस ऐकेल म्हणून हळू बोलली. पहिल्या वर्षी यांना कांदासुद्धा चिरता येईना. घरी मीच रांधतो अशी आधीच फुशारकी मारून बसलेले. मग ही कॅरॅव्हानमध्ये बसून खिडकीच्या पडद्याआडून सांगायची आणि हे बाहेर ढवळायचे. दरवर्षी. हिला तरी आमटी कुठली माहीत? हे चव सांगायचे, ही अंदाजाने घालायची. हिंग तेवढा घरचा. चिंच नाही म्हणून रस्त्याकडेची आंबट सफरचंदं. जिऱ्याऐवजी इथलं क्युमेल. वर क्रीम. लोक बोटं चाटायचे.

आणि हे? हे दरवर्षी चाखायचे आणि म्हणायचे, चांगली आहे, पण मनोरमाची नाही.

म्हणून मोहरीची चौकशी.

खरंच असं म्हणायचे? दोनदा विचारलं. दरवर्षी, म्हणाली. छत्तीस वर्षांत मला एकदाही म्हणाले नाहीत. पानावर बसले की मीठ मागायचे, बस.

बाई सरळ आहे हे मला पहिल्यापासून वाटतच होतं.

डोळ्यांत धूर गेला. आमचा गॅस होता, पण पलीकडे कुणाची तरी चूल असणार.

रविवार, १६. घरी.

तनयने विचारलं, कसं झालं? म्हटलं, आमटी सगळ्यांना फार आवडली. वाल्बुर्गाने निघताना पिशवीभर सफरचंदं दिली. घेतली, नाही म्हणणं बरं दिसत नाही. पण आमटीत सफरचंद आणि क्रीम! या घरात तसला प्रकार कधी होणार नाही, हे इथेच लिहून ठेवते.

सोमवार, १७.

सफरचंद घालून आमटी केली. क्युमेल, वर क्रीम. वाईट लागली. दोनदा वाढून घेतली.