आमची टीम

सोमवार, १० नोव्हेंबर

पुन्हा रंग बदलला. निळं बटण केशरी केलं, थोड्या वेळाने परत निळं. लोकांच्या वेबसाइट सुधारून देते म्हणणारी मी, आणि माझ्याच साइटवरून महिनाभरात एक चौकशी नाही!

सुरतच्या कंपनीला शनिवारी हो की नाही ते कळवायचं आहे. दिवसभर बसून डेटा भरायचा. आई म्हणते, जा. गेले की हे डिझायनिंग बंद, हे तिलाही कळतं, म्हणूनच एवढं हळू म्हणते.

मला जायचं नाही. कुठेतरी स्पष्ट सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहिलं.

मंगळवार, ११

जेवणसुद्धा उभ्याने केलं. 'आमच्याबद्दल' हे पान मोडून नवं केलं. 'आमची टीम' — पाच हसरे चेहरे, फुकट मिळणाऱ्या फोटोंतून उचललेले. एकीला क्रिएटिव्ह हेड केलं, एकाला मॅनेजर. मी कुठेच नाही. लिडिया गावित, विसरवाडी — हे वाचून कोण काम देणार? पत्त्यात 'हायवे टच ऑफिस' टाकलं. हायवे टच तर आहेच! ट्रक गेला की खिडकीची काच वाजते.

स्टीफन पिकअप धुऊन आत आला, स्क्रीनकडे बघत म्हणाला, "ताई, यातली तू कोणती?" भाऊ म्हणून ऐकून घेतलं.

बुधवार, १२

फोन आला! नंदुरबारचे शांतीलालशेठ, मिरचीचे व्यापारी. वेबसाइट करायची आहे, माझी साइट पाहिली म्हणाले. "इतली मोठी टीम शे, मंग काम चांगलं व्हई." मी हो हो करत राहिले, आवाजही उगाच मोठ्या बाईसारखा काढला. मग म्हणाले, "शुक्रवारे सुरत जाई ऱ्हायनू. इसरवाडीले थांबसू. समदास्ले भेटसू."

समदास्ले! कुणाकुणाला भेटवू? आईला आणि कोंबड्यांना?

गुरुवार, १३

पान काढलं तर कळेल, ठेवलं तर उद्या दारात उभे राहतील. स्टीफन म्हणतो, मित्रांना लॅपटॉप देऊन बसवतो, कुणाला काय कळतंय. खोटं कशाला बोलू, मोह झाला. खोलीत नुसत्या येरझाऱ्या.

शुक्रवार, १४

आले. चपला बाहेर काढून आत. आई खाटेवर तूर निवडत होती. त्यांनी चारी कोपरे बघितले. "टीम कोठे शे?"

"मीच आहे," म्हटलं. "एकटीच. फोटोतली माणसं मला माहीतसुद्धा नाहीत." वाटलं, आता उठतात आणि जातात.

उठले नाहीत. आईने चहा दिला. बशीत ओतता ओतता म्हणाले, "मन्ह्या दुकानवर 'शांतीलाल अँड सन' लिखेल शे. दुकानमा मी एकलाच बठस."

"मुलगा बाहेर असतो का?"

"हां. बाहेर." आणि बशीकडेच बघत राहिले.

मग काम दिलं! काय काय हवं तेही सांगून टाकलं — पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीचे फोटो, रोजचे भाव, फोन नंबर, आणि 'आमच्याबद्दल'. निघताना मी म्हटलं, त्या पानासाठी मुलाचा फोटो लागेल. "देखसू," म्हणाले. नमस्कार करायचा राहिलाच माझा, इतकी हरखले होते.

ते गेल्यावर पाचही चेहरे उडवले. माझा फोटो लावला, गेल्या नाताळातला. कापूनही आईचा हात खांद्यावर राहिलाच, राहू दिला. खाली पूर्ण नाव, विसरवाडीसकट. बरं वाटलं.

आता नियमच. जो माणूस जागेवर नाही, तो कुठल्याच साइटवर दाखवायचा नाही. शेठनाही सांगायला हवं — मुलगा दुकानात बसत नसेल तर 'अँड सन' काढा, गिऱ्हाइकाला खोटं कळतं. सुरतला सकाळी नाही म्हणून कळवेन.

शनिवार, १५

फोटो आला. भिंतीवरच्या फोटोचा काढलेला फोटो. काचेत ट्यूबलाइट चमकतेय. मुलगा माझ्याच वयाचा, फोटोला चंदनाचा हार.

फोटोखाली शेठचा व्हॉइस मेसेज: "याले पहिला लाव. हार काढता यी का, बेटा?"

येईल, म्हणून लिहिलं. सुरतला 'नाही' म्हणून कळवलं. मग हार काढायला बसले.