दोन पाटे कमी केलेली मोटार

अहो,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. वीस वर्षांत ‘अहो’खेरीज तुम्हाला हाक मारली नाही, आता तुम्ही गेल्यावर कसलं प्रिय! लिहायला बसले त्याचं कारण असं की आज दुपारी तुमची मोटार विकली जाणार होती, आणि मी परक्या माणसासमोर, भाऊजींसमोर तोंड उघडलं. हे सांगू कुणाला? आत्याबाईंना आता ऐकू येत नाही. दिवसदिवस घरात माझाच आवाज मला ऐकू येतो. म्हणून तुमच्या कामाच्या वहीतली मागची पानं फाडली. रागावू नका.

ती मोटार आली तेव्हा मी कपाळाला हात लावला होता, आठवतं? लढाईत पेट्रोल कुपनावर गेलं, आणि जळगावच्या जिनिंगवाल्या शेठनी आपली जुनी विलायती मोटार तुम्हाला, त्यांच्या ड्रायव्हरला, देऊन टाकली, तुम्ही फिटरकामही करायचात म्हणून. केवढी उंच! पायदानावर पाय ठेवून, वरचा दांडा धरून चढायचं. आग्रा रोडवरच्या शेडमध्ये ती चार दगडांवर उभी केलीत आणि तिच्यापायी दोन वर्षं जेवणाची वेळ विसरलात.

एक दिवस भाकरी मोडता मोडता म्हणालात, “आज दोन पाटे काढी टाकात.” मी घास ताटात टाकून चुलीकडे धावले! माझा पाटा जागेवर, वरवंटा जागेवर. परत आले तर तुम्ही ठसका लागेपर्यंत हसताय. “अवं येडी, मोटारना पाटे!” मग टोपल्यातल्या भाकरी एकीवर एक रचून दाखवलंत. चाकांवर पोलादाच्या अशा पट्ट्या रचलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात, दोन कमी केले की गाडी खाली बसते. वरच्या दोन भाकरी उचलून खाऊनही टाकल्यात. मेले मी तुमच्या शिकवण्यापुढे!

खरं तर मागून तुम्ही तिसराही काढला होता. पांझरेच्या पात्रात गाडीचं पोट दगडांना घासलं तेव्हा तो गुपचूप परत घातलात. मला कळणार नाही असं वाटलं होतं का? राहिलेल्या पाट्यांची कमान आबा लोहारांकडून तापवून सपाट करून घेतलीत. पुढची काच अर्धी कापली, वरचा टप बुटका केला, मडगार्डं लांब ओढून घेतली, पायदान काढून फेकलं. रंग दिलात मोरपंखी. गल्लीतली माणसं यायची, चारी बाजूंनी फिरायची आणि म्हणायची, “फिटरभाऊ, हाई मोटार शे का खाट शे?” तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. मला मात्र लाज वाटायची हो. खोटं कशाला सांगू?

पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. मागची बैठक तुम्ही मुळापासून कापून टाकलीत. उरल्या पुढच्या दोनच जागा, एक तुमची आणि एक शेजारची. आपल्यात बाईमाणूस मागं बसतं, पदर पुढं ओढून, सासूच्या आडोशाला. भर रस्त्यात नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून कोण बसतं? तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! मी विचारलं, “आत्याबाई कुठं बसतील?” तर म्हणालात, “माय बैलगाडीमाच खुश शे.” मी म्हटलं, “मग मी पण.” आणि सहा महिने तेच एक धरून बसले. असा हट्ट मी जन्मात दुसऱ्या कशासाठी केला नाही.

नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, तीन कोसांवर. आम्ही बायका बैलगाडीत, आणि तुम्ही मोटार घेऊन मागं. पुढं निघून जायचं ना सरळ! पण नाही. बैलांच्या चालीनं, आमची धूळ खात, इंजिन तापून वाफा येईपर्यंत मागं मागं. वाट रुंद झाली की बाजूला यायचात. मी गाडीत वर, तुम्ही खाली, एवढी बुटकी ती मोटार! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघत होतात. “बस ना वं शेजारे. तुनीच जागा शे ती.” सगळ्या जणी पदरात तोंड घालून हसल्या. मी मान फिरवली. उतरले का नाही मी? चार पावलं तर होती! बैलगाडीतून उतरायचं आणि त्या मोटारीत नुसतं बसायचं, तिला चढावंसुद्धा लागत नव्हतं. लोक काय, आठ दिवस बोलले असते.

पुढच्या महिन्यात ताप आला आणि तुम्ही चार दिवसांत निघून गेलात. एवढी कसली घाई झाली होती? बायकोचा हट्ट मोडेपर्यंत तरी थांबायचंत.

तर आजचं सांगते. नरडाण्याकडचा एक व्यापारी भाऊजींनी आणला. गाडी चांगली म्हणाला, पण खेड्याच्या वाटेला चालायची नाही, पुन्हा उंच करावी लागेल, मागं बैठक बसवावी लागेल. दाराआड उभी होते मी. त्यानं विचारलं, “काढलेले पाटे कुठं आहेत?” भाऊजी शेडमध्ये शोधायला निघाले. तेव्हा मी बाहेर आले, हातात विळी होती तशीच.

म्हटलं, “एक पाटा हा. आबा लोहारांनी याची विळी करून दिली, मी याच्यावर वांगी चिरते. दुसऱ्याचा कोयता झाला, तो आबांनीच ठेवला. आणि गाडी उंच व्हायची नाही. ती विकायचीच नाही.”

भाऊजी म्हणाले, “वहिनी, बाईमाणसाला मोटार काय करायची?”

“चालवायची,” म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं हो! व्यापारी विळीकडे बघत दोन पावलं मागं सरकला. हसू नका. भाऊजी रागानं तरातरा निघून गेले, आता महिनाभर बोलायचे नाहीत.

ते गेल्यावर मी शेडमध्ये गेले. उन्हं डोक्यावर, रस्ता भरलेला, पानवाला टक लावून बघत होता. बघू दे मेल्याला! दार उघडलं आणि माझ्या जागेवर बसले. किती मऊ गादी केलीत, सावरीचा कापूस भरलात ना? सांगितलं का नाहीत? बसले खरी, पण उजवीकडे बघवेना. मग म्हटलं, चालवायची म्हणालेय तर बसायचं ते चाकामागंच. सरकले आणि तुमच्या जागी बसले. दोन्ही हात चाकावर ठेवले आणि मान वळवून शेजारी पाहिलं.

अहो, तुम्ही सहा महिने रोज हेच बघत होतात.

मी रडले. पदर तोंडात कोंबला नाही. मोठ्यानं, आग्रा रोडला ऐकू जाईल असं रडले.

आता ऐका, शब्द देते. उतारूंची सर्व्हिस मोटार चालवणाऱ्या नानांना मी निरोप धाडला, ते संध्याकाळी येऊन गेले, मला शिकवतील. नाना म्हणाले, शिकवायला शेजारी बसावं लागेल. मी म्हटलं, नाना, गाडी बुटकी आहे, तुम्ही बाजूनं चालत सांगा. तसंच करणार आहे. हात बसला की आत्याबाईंना शेजारी घालून एदलाबादला मुक्ताईच्या दर्शनाला नेईन. त्या नाही म्हणतील. पण मी माझ्यासारखं त्यांना करू देणार नाही, हात धरून बसवीन.

तुमची,
सरू

धुळे