प्रेसचा फ्यूज

सिरसाळा, ता. परळी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अंगदला दादाचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून लिहितो. आपली जिनिंग गिरणी तुझ्या कंपनीने घेतल्याला आज बावीस दिवस झाले. गणवेश मिळाला. पँट दोन बोटं आखूड; तुझी वहिनी म्हणते, हेडफिटर झाले तरी पोटऱ्या झाकंना.

आता कामाचं. कापसाच्या गठाणी बांधायच्या प्रेसमध्ये कापूस अडकला की जो आत उतरतो, तो कंट्रोलचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो. दुसरा फ्यूज गिरणीत ठेवायचाच नाही. ही रीत मी, सातवी शिकलेल्या माणसाने, एकोणीस वर्षांपूर्वी बसवली. आजवर कुणाचं नखही गेलेलं नाही. तुझ्या सहीचं पत्र म्हणतं, फ्यूज जागेवर बसवून पेटी सील करा, स्विचला कुलूप लावा. कुलूप चांगलंच, पण कुलपं आलेली नाहीत. सील मात्र आजच करा म्हणून तुमचे सत्यम इंजिनिअर मागे लागलेत. काय करू?

तुझा
दादा (उत्तरेश्वर)


पुणे
२२ नोव्हेंबर

ती. दादांस अंगदचा शि. सा. नमस्कार.

सील करा. पाच गिरण्या एक होतायत, नियम एकच हवा. वरचे लोक विचारतात, सिरसाळ्याचा फिटर तुमचा भाऊ म्हणून सूट का? कुलपं आठवड्यात येतील. तोवर आत उतरणाऱ्याने मोठ्याने ओरडून सांगावं. माझ्यासाठी एवढं करा. पँट वहिनींकडून उसवून घ्या.

आपला
अंगद


सिरसाळा
२ डिसेंबर

चि. अंगद,

सव्वीस तारखेला माझ्या हाताने सील केलं. प्रेसची सफाई करणारा धुळाजी तेव्हा म्हणाला, की खिसा लई हलका लागतोय.

शनिवारी सकाळी सव्वाअकराला प्रेस अडकला. धुळाजी उतरला. ओरडलाही. चोवीस जिनांच्या खडखडाटात ते कुणाच्या कानी जाणार? सत्यमने बटण दाबलं. दट्ट्याने धुळाजीचा उजवा हात दंडातून तोडला. मी दट्ट्या मागे घेतला तेव्हा डावा हात खिशावर होता, रिकाम्या. तुटलेला हात गठाणीतच राहिला. कापूस गुडघाभर लाल.

मग माणसं सत्यमवर तुटून पडली. जबडा तीन ठिकाणी मोडला, दोन दात भिंतीपाशी सापडले. सुरुवात कुणी केली ते गर्दीत दिसलं नाही.

धुळाजी वाचेल म्हणतात. त्याच्या बायकोने, कडूबाईने, एवढंच विचारलं, की ओरडल्यावर कावून कुणी थांबलं न्हाई.

उत्तरेश्वर


पुणे
६ डिसेंबर

ती. दादांस सा. नमस्कार.

अहवाल तुमच्या सहीने जायचा आहे. त्यात लिहायचं, की धुळाजी परवानगीवाचून उतरला. मग कंपनी मारहाणीची फिर्याद देणार नाही. चार जणांची नावं काढलीत. ते तुरुंगात जाण्यापासून वाचतील. माझं पत्र त्यात येऊ नये, ही विनंती.

सत्यमला नळीने भरवतात. दादा, तुम्ही दात मोजलेत आणि सुरुवात कुणाची ते दिसलं नाही?

रागावू नका. मला तुमच्याशिवाय कोण आहे?
अंगद


सिरसाळा
१० डिसेंबर

चि. अंगदला आशीर्वाद.

दिसलं होतं. पहिला फटका माझा. अठरा इंची पाना, डाव्या गालावर. पडल्यावर आणखी दोन मारले. बाकीचे माझं पाहून पुढे आले. सत्यमने तुझा हुकूम पाळला, मीही तोच पाळला. मार मात्र त्याने एकट्याने खाल्ला. अडकलं की सफाई करणाऱ्याला दोष द्यायचा, ही तुमच्या कंपनीची रीत असेल. आमची नव्हती, आणि गिरणी-कंपनी ही दोन्ही घरं एक झाली म्हणून ही सोयरीक मला मान्य नाही.

चौघांना मी समोर बसवून सगळं सांगितलं. धुळाजीच्या डोक्यावर दोष ठेवून कुणाला सुटायचं नाही. एकजण रडला, पण नाही म्हणाला नाही.

अहवाल लिहिला. तुझं पत्र जोडलं. सील माझं, पाना माझा, तेही लिहिलं. एक प्रत कडूबाईला वाचून दाखवली. दुसरी घेऊन उद्या पोलीस ठाण्यात जातो.

सील फोडून फ्यूज काढला, तो याच पाकिटात आहे. तू येईस्तोवर प्रेस बंद. कुलपं घेऊन स्वतः ये. फ्यूज तुझ्या खिशात ठेव, प्रेसच्या त्या खड्ड्यात उतर, आणि खिसा जड लागतो का बघ.

माया कमी करू नकोस. मी केलेली नाही.

तुझा
दादा