पुंगळ्यांच्या अकरा घंटा

ता. ४ फेब्रुवारी १९८४, शनिवार

या दोन हातांनी केलेलं एकदा लिहून ठेवतो. नंतर कोणी म्हणायला नको की आयतं आणलं.

अकरा घंटा. देवळालीच्या भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेल्या तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या — करवतीने कापल्या, कानशीने कडा घासल्या. सर्वांत मोठी नऊ इंच, सर्वांत लहान पावणेदोन. त्या टांगायची सागवानी चौकट, एकही खिळा नाही, नुसत्या खाचा. तंबोऱ्यासारखा चार तारांचा पेटारा, खर्जात लावलेला. अँप्लिफायर — ट्रान्झिस्टर तेवढे विकत, बाकी कॉइलसुद्धा मीच गुंडाळली. माइकचा स्टँड सायकलच्या चिमट्याचा. आणि या सगळ्यातून पंचेचाळीस मिनिटांची टेप. नाव 'निवांत'.

शिकवलं कोणी नाही. सातवी पास, सातपूरच्या कारखान्यात पत्राखात्यात घण मारत एकोणीस वर्षं, त्याआधी भांड्यांच्या कारखान्यात सहा. पण आवाजाने माणूस शांत होतो, ब्लडप्रेशर उतरतं, हे मी वाचलं आणि करून दाखवलं.

केली ती आक्कासाठी. थोरली बहीण, सायखेड्याला दिलेली. मेव्हणे गेल्यापासून माझ्याकडेच. प्रेशर एकशे ऐंशी! झोप नाही.

ता. ६ फेब्रुवारी

दुपारी पहिली बैठक. आक्का चटईवर, मी समोर, दोघांचे डोळे मिटलेले. संपल्यावर म्हणाली — "लय भारी हाय रे धोंडू. हलकं वाटतंय."

हलकं! तिचाच शब्द.

ता. १३ फेब्रुवारी

रोज दुपारी बैठक. आक्का म्हणते, झोप लागते. प्रेशरच्या गोळ्यांनी तिला गरगरतं. म्हटलं, मग कशाला घेतेस? बंद कर. ती म्हणाली, "डागदर वरडल." मी म्हटलं, डॉक्टरला अकरा घंटा लावता येतात का?

हसली. आजपासून गोळ्या बंद.

ता. १९ फेब्रुवारी, रविवार

कॉलनीतल्या बुद्धविहारात टेप लावली. सोळा माणसं. पाच मिनिटांत सिंधुबाईचं तान्हं रडायला लागलं, उठून गेली. मागून मल्हारी — शेजारचा, प्रेसमधला कारकून, जिभेला हाड नाही — "धोंडीभाऊ, तुमची टेप लागली की आमच्या ओट्यावरचं कुत्रं थेट पाथर्डी फाट्याला पळतं!" सगळे हसले.

कुत्र्याला काय कळतं. पण शेवटी नऊच माणसं उरली होती. मोजली.

ता. २ मार्च

टेप पुन्हा नीट ऐकली. लहान चार घंटा दबलेल्या वाटतात. पितळेला चकाकी हवी, ती येत नाही. अँप्लिफायरमध्ये दोष नाही, तीनदा तपासला. ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण दोन घरं वर नेऊन सगळं पुन्हा भरलं. आता चकाकतंय.

ता. ३ मार्च

आणखी एक घर.

ता. ११ मार्च, रविवार

विहारात सात.

त्यांत रावजी होते. देवळालीच्या तोफखान्यातून रिटायर झालेले हवालदार, कोणीतरी सांगितलं म्हणून आले. दहाव्या मिनिटाला डोळे उघडले, उठून घंटांपाशी गेले, मोठीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मिस्तरी, हे पितळ मी ओळखतो." मग म्हणाले, "ह्याच्यात शिट्टी आहे. गोळा डोक्यावरून जाताना असते ना, तशी. बारीक. सुईवाणी."

मी म्हटलं, शिट्टी नाही, मनातली घाण निघते तेव्हा तसं वाटतं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चपला घातल्या. गेले.

ता. १२ मार्च

तीनदा ऐकली. शिट्टी नाही.

ता. २५ मार्च

विहारात मी आणि आक्का.

ता. ३१ मार्च

आक्काचा चेहरा लाल दिसतो. म्हणते, "ऊन हाय रे." डोकं जड आहे का विचारलं तर "थोडं." बैठका दोन केल्या, सकाळ-दुपार. गुण यायच्या आधी त्रास वाढतो, असं पुस्तकात आहे.

पुस्तकात ते होमिओपॅथीबद्दल आहे. पण तत्त्व तेच.

ता. ८ एप्रिल, रविवार

चटई झटकली तर कापसाचे दोन बोळे पडले. लहान, वळलेले. कानाच्या आकाराचे.

आक्काला विचारलं. पदर तोंडाला लावून हसायला लागली — चोरी सापडलेल्या पोरीसारखी. "अरे, टोचतं ते. कानात दाभण घातल्यावाणी. म्हणून घालते कापूस."

पहिल्या दिवसापासून?

"मग? तू समोर डोळे मिटून बसतो, तोंड असं निवांत दिसतं तुझं. ते बघत बसते मी. तेवढ्यानंच बरं वाटतं."

आणि झोप?

तिने भाजी निवडायला घेतली.

ता. ९ एप्रिल

आज मल्हारीला बोलावलं. दार लावलं. म्हटलं, थट्टा करायची नाही. सर्वांत लहान घंटा मी वाजवतो, तुला ऐकू येतंय तोवर बोट वर धर.

वाजवली. मला 'टक्' ऐकू आलं. लाकडावर लाकूड आपटावं तसं. बस्स.

मल्हारीचं बोट वर.

मी वाजवायची दांडी खाली ठेवली. बोट वरच. मी म्हटलं, पुरे आता. तर म्हणाला, "अहो, वाजतंय की अजून!"

मी हलकेच बोटाचं टोक घंटेच्या कडेला लावलं. थरथरत होती! मधमाशी मुठीत धरावी तशी. आणि आवाज नाही. काहीच नाही.

दुसरी लहान घंटा — तेच. तिसरी — तेच. चौथी थोडी.

मल्हारीने बोट खाली घेतलं. मग हळूच, "धोंडीभाऊ, पत्राखात्यातल्या सगळ्यांचं असंच होतं हो. आमच्या सासऱ्यांचं बघा ना. बारीक आवाज आधी जातो."

पंचवीस वर्षांचा घण. जे मला ऐकू येत नव्हतं, ते ऐकू यावं म्हणून मी वाढवत गेलो. तीन घरं!

ता. १० एप्रिल

आक्काला सांगायला हवं — गोळ्या चालू कर. त्याच्याबरोबर बाकीचंही सांगावं लागेल. जमलं नाही आज. जेवताना ती म्हणाली, "आज नाय का लावायची टेप?" म्हटलं, मशीन बिघडलंय.

ता. ११ एप्रिल

उद्या सांगतो. नक्की.

ता. १४ एप्रिल

काल सकाळी पाणी भरताना आक्का मोरीत पडली. डावी बाजू गेली. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं होतं, एक डोळा उघडा. घरात गोळ्यांची बाटली फळीवर, दोन महिन्यांपूर्वी होती तेवढीच भरलेली.

दवाखान्यात डॉक्टर ओरडला — "गोळ्या बंद कुणी केल्या?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आक्का बोलली. वाकड्या तोंडातून, लाळ गळत असताना. "मीच. मीच."

डॉक्टरने लिहून घेतलं. मी खोडायला लावलं नाही.

बाहेर कॉलनीत आज जयंतीचे ढोल. ते मात्र ऐकू आले. जाड आवाज सगळे येतात.

ता. २२ एप्रिल

डॉक्टरला सांगितलं, मी बंद केल्या. तो म्हणाला, आता काय उपयोग. तरी कागद परत मागितला, त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने खोडलं.

ता. ६ मे, रविवार

आक्काला घरी आणलं. बोलणं तुटक. गोळ्या मी देतो, सकाळी सात, रात्री आठ, हातावर ठेवून, घोट गिळेपर्यंत समोर उभा. घंटा चौकटीवरून काढून पोत्यात बांधल्या. खोली रिकामी झाली तशी तिने खूण केली — बस समोर. डोळे मीट.

बसलो. मिटता येईनात.

ता. २ जून, शनिवार

मुंबईहून कॅसेट कंपनीचा माणूस आला होता. त्याच्याकडे मल्हारीच्या मेव्हण्याने नेलेल्या टेपची कॉपी, त्या कॉपीची कॉपी — उतरवता उतरवता तिच्यातला बारीक आवाज पार निघून गेलाय, मल्हारीने ऐकून सांगितलं. तिकडे लोक ती लावून झोपतात. खरंच झोपतात, पत्रं दाखवली. नाव माझंच छापणार, 'गोळ्यांशिवाय झोप' असं वर मोठ्या अक्षरांत. आक्का खाटेवरून बघत होती. बावीस हजार देत होते. नाही म्हणालो.