‘ठीक आहे’ उजवीकडे

३ जून, सोमवार
आमच्या बस-तिकिटाच्या ॲपमध्ये आजपासून माझी क्रांती लागू. ‘तिकीट रद्द करायचं?’ या चौकटीत ‘ठीक आहे’ डावीकडे होतं, ‘राहू दे’ उजवीकडे. मी अदलाबदल केली. ‘ठीक आहे’ थेट अंगठ्याखाली. इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही म्हणजे कमाल आहे.
सकाळी बायको माहेरी गेली. बटणांच्या गडबडीत तिला स्टँडवर सोडायला जमलं नाही. तसं सांगितलं तर ‘ठीक आहे’ म्हणाली. समजूतदार आहे. रविवारी परत. तिकीट आमच्याच ॲपवर.

५ जून
तक्रारी येताहेत म्हणे. ॲप तपासणाऱ्या टेस्टर बाई म्हणतात, लोक ‘राहू दे’ समजून सवयीनं उजवीकडे दाबतात आणि तिकीट रद्द होऊन बसतं. म्हटलं, मग सवय बदला. साहेबांसमोर त्यांची बोलती बंद केली.
संकल्प: बायकोला रोज फोन. आज मीटिंग होती, म्हणून उद्यापासून.

६ जून
उद्यापासून नक्की.

८ जून
फोन केला. सासूबाईंनी उचलला. ती झोपलीय म्हणाल्या. भरदुपारी? प्रवासाचा शीण असणार. सोमवारच्या.
घर खायला उठतं. उद्या येईलच.

९ जून, रविवार
स्टँडवर वेळेआधी हजर. अख्खी बस रिकामी झाली, ती उतरली नाही. फोन बंद. ऑफिसच्या लॉगिनवरून पाहिलं, तिचं तिकीट रद्द.
मग एकदम जिवात जीव आला. उजवीकडे दाबलं असणार बिचारीनं, सवयीनं! काय भिकार चौकट आहे ही.

१० जून
टेस्टर बाईंची माफी मागितली. माझं डिझाइन किती टाकाऊ आहे, हे साहेबांना मीच तावातावानं पटवलं. बटणं पुन्हा जुन्या जागी.
मग तिला फोन. लागला. सगळं समजावून सांगितलं, तुझी काही चूक नाही, बटणच चुकीच्या जागी होतं, नवं तिकीट काढतो.
“चुकून नाही रे,” म्हणाली. “वाचूनच दाबलं. मी आता येणार नाही.”
राहू दे, झालं गेलं, घरी ये, असं म्हणायचं होतं. अगदी जिभेवर होतं.
सवयीनं ‘ठीक आहे’ म्हणालो.