‘झालं’ या शब्दाचा प्रस्ताव

मेहरूण, जळगाव
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय नवीन,

नमस्कार. अक्कांना माझा आणि मोनालीचा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा थंडीत कसा आहे ते कळव. मोनालीच्या भावानं चोपड्याहून केळीचा अख्खा घड पाठवला. तो एकदमच पिकला, त्यामुळे दोन दिवस शेजारीपाजारी केळी वाटतोय. बाकी बठ्ठं बरं शे, असं लिहून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं.

कागदावर लिहितोय, कारण ‘तिफण’च्या ऑनलाइन चर्चेत लिहिलेलं सगळे वाचतात आणि माझ्या ईमेलला तू हल्ली उत्तर देत नाहीस.

काल प्रस्ताव एकतीसचा निकाल लागला. पाच विरुद्ध दोन, नामंजूर. समितीचा प्रमुख म्हणून तूच जाहीर केलास आणि खाली लिहिलंस, ‘आता हा विषय बंद.’ आपण दोघांनी मिळून शाळेतल्या पोरांसाठी तिफण ही प्रोग्रॅमिंगची भाषा बांधली, आणि आता तू मला विषय बंद म्हणून सांगतोस.

मी मागितलं तरी काय होतं? तिफणमध्ये ‘जर’ लिहिलं की खालच्या ओळी चार स्पेस आत सरकवायच्या. ओळी परत बाहेर आल्या की तो भाग संपला, असं संगणक धरतो. मी म्हटलं, ज्याला हवं त्यानं शेवटी ‘झालं’ लिहावं, मग ओळ आत आहे की बाहेर याचा हिशेब नको. एक शब्द, तोही ज्याला हवा त्याच्यासाठी. त्यावर दोन महिन्यांत एकशे चौदा प्रतिक्रिया आल्या. एक जण म्हणतो पानाचं देखणेपण जाईल. दुसरा म्हणतो दोन पद्धती झाल्या की पोरं गोंधळतील. आपल्या नशिराबादच्या शाळेतली पोरं घरी एक बोली बोलतात आणि वर्गात दुसरी, ती काही गोंधळत नाहीत. मी विचारलं, ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना मोकळी जागा कळणार कशी? त्यावर तू लिहिलंस, ‘असे वापरणारे किती? आकडा द्या, नावं द्या.’

मी दिला नाही.

मग तू माझंच वाक्य सगळ्यांसमोर मला ऐकवलंस. ‘डोळ्यांना दिसतं ते पुन्हा शब्दात कशाला सांगायचं?’ ते माझंच आहे, नाकारत नाही. बारा वर्षांपूर्वी देवपूरच्या तुझ्या खोलीत तूच असा एक शेवटचा शब्द असावा म्हणत होतास आणि मी तुझी टिंगल केली होती. चांगली दोन दिवस केली होती.

आता लग्नाचं. मे महिन्यात धुळ्याला रुपचंदच्या मुलीच्या लग्नात तू मला हात केलास आणि मी तोंड फिरवून गेलो, असं तू मोनालीला फोनवर म्हणालास. मांडवात गर्दी होती, असं मी आधी लिहिलं होतं. मोनालीनं वाचलं आणि कागद परत दिला.

“हे पुन्हा लिहा,” ती म्हणाली.

“काय वाईट आहे त्यात?”

“गर्दी कुठे होती? पंगती उठून गेल्या होत्या. मी शेजारीच होते ना तुमच्या.”

म्हणून पुन्हा लिहितोय. तू माझ्या डाव्या बाजूला होतास, आणि डाव्या बाजूचं मला दोन वर्षं दिसत नाही. उजव्या बाजूचंही आता गेलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, कडेकडेनं नजर मिटत येते. आधी नळीतून पाहिल्यासारखं होतं, आता नळीसुद्धा धुरकट झालीय. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, औषध नाही, आहे तेवढं वापरा. गाडी गेल्या वर्षी विकली तेव्हा तुला सांगितलं की जळगावात गाडी लागते कुठे.

अक्षरं इतकी मोठी करून ठेवलीत की पडद्यावर चार शब्द मावतात. ओळ कुठून सुरू झाली ते बघायला मागे जायचं, तोवर आधीची ओळ विसरलेली असते. म्हणून आता संगणकच वाचून दाखवतो, ‘बारा स्पेस जर, सोळा स्पेस दाखव.’ स्पेस मोजत बसलो की अर्थ निसटतो. जे चाळीस ओळींचं काम मीच लिहिलंय, त्यात माझी अख्खी सकाळ जाते. टेबलावर हात आपटावासा वाटतो. आपटतोही.

इथवर थांबलो असतो तर तुला माझी कीव आली असती. म्हणून पुढचं वाच.

मार्चमध्ये आपण नवी आवृत्ती दिली आणि चोपड्याच्या शाळेत प्रदर्शनाच्या दिवशी बारा मुलांचे प्रोग्रॅम उघडलेच नाहीत. आईबाप समोर उभे, आणि पोरं रिकाम्या पडद्याकडे बघताहेत. एक ओळ एक पायरी जास्त आत गेली होती. ती ओळ माझी होती. तपासणी आपल्या विधीकडे होती. “सर, ही ओळ एकदा बघून घ्या,” असं ती मला म्हणाली होती. मी बघितली आणि ठीक आहे म्हणालो. बैठकीत तू विचारलंस, कुणी तपासलं होतं? मी म्हणालो, विधीनं. ते खोटं नव्हतं, म्हणून मला सहज बोलता आलं. आठवड्यात तिनं काम सोडलं. तेवीस वर्षांची मुलगी, बापाचं कापडाचं दुकान सांभाळून संध्याकाळी आपलं काम फुकट करत होती.

बुधवारी मी हे सगळं चर्चेत जाहीर लिहिणार आहे, डोळ्यांचंही. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. इतके दिवस लपवलं, कारण लोक प्रेमानं एकेक काम हातातून काढून घेतील हे मला माहीत होतं.

तू आकडा मागितला होतास. एक. नाव अभिमन.

दयेपोटी मत बदलू नकोस. तेवढं मात्र करू नकोस.

चिडलेला, आणि नेमका कुणावर ते न कळणारा,
अभिमन

*

देवपूर, धुळे
८ डिसेंबर २०२४

अभिमन,

उत्तराला तीन आठवडे लागले, कारण आधी लिहिलेली दोन उत्तरं फाडली.

लग्नाचा भाग अक्काला वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, “तो पोऱ्या तसा नही शे, मी सांगेल व्हतं तुले.” खरंच सांगितलं होतं तिनं. मी मात्र सहा महिने भेटेल त्याला सांगत होतो की अभिमनला गर्व झालाय. तू मला सांगू दिलंस. तुझं वाक्य तुझ्यावर फेकताना मला मजा आली होती. हेही लिहून ठेवतो, कारण तू तुझं लिहिलंस.

दयेपोटी नको म्हणालास. मग एके दिवशी कॉलेजातून आल्यावर पडद्यावर चादर टाकली, आवाज सुरू केला आणि आपल्या पुस्तकातल्या तिसऱ्या धड्याचा प्रोग्रॅम लिहायला बसलो. दोनचा पाढा, सहा ओळी. एक तास दहा मिनिटं लागली, आणि चालवला तर पाढा संपेचना. मग तू प्रस्तावाबरोबर दिलेल्या नमुना आवृत्तीत ‘झालं’ घालून लिहिला. अकरा मिनिटं लागली, पहिल्या फटक्यात चालला. मग चादर ओढून काढली.

प्रस्ताव पुन्हा मतदानाला ठेवला. चार विरुद्ध तीन, मंजूर. जूनच्या आवृत्तीत येईल. तिघं अजून देखणेपणावर अडलेत. त्यांना चादरीचा प्रयोग सांगितला, एकानंही करून पाहिला नाही.

विधीला भेटायला दुकानात गेलो होतो. तुझं जाहीर पत्र तिनं वाचलंय. म्हणाली, “सरांनी सांगितलं असतं तर ती ओळ मीच नीट केली असती. पाच मिनिटांचं काम होतं.” परत येशील का विचारलं. नाही म्हणाली आणि गिऱ्हाइकाला कापड मोजून द्यायला लागली. मी निघून आलो.

चर्चेत लिहिलंस ते बरं केलंस, पण ते तिला पुरत नाही. मलाही नाही. येत्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन जळगावला येतोय. तयार राहा. तुला धुळ्याला आणणार आहे, थेट तिच्या दुकानात. तिथं तिच्यासमोर काय बोलायचं ते तू ठरव, मी बाहेर थांबेन. आपल्या दोघांचं काय ते येताना गाडीत बोलू. मलाही बरंच बोलायचं आहे.

राग न गेलेला,
नवीन